शिळं कालवण

बँजो म्हटलं की मुंबई-कोकणातल्या माणसाच्या कानात आधी गणपती विसर्जनाची मिरवणूक वाजते. आपल्या 'बँजो पार्टी'तला तो बँजो म्हणजे खरं तर विजेवर चढवलेला बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. मी लिहिणार आहे तो बँजो वेगळा. गोल डफासारखं तोंड, त्याला लांब दांडी, आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड, दांडीच्या मध्यावरूनच सुरू होणारी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपल्या वाद्यांच्या आठवणीवरून अमेरिकेत हे वाद्य घडवलं, आणि पुढे ते डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या अंगणात जाऊन बसलं.

हा खुलासा एवढ्यासाठी की आजची गोष्ट एका बँडची असली तरी ती माझ्या मते त्यातल्या बँजोची आहे. बँडचं नाव 'लेफ्टओव्हर सॅमन'. शब्दशः उरलासुरला सॅमन मासा. पण आपल्याकडे उरलेल्या माशाला एक मानाचं स्थान आहे. रात्री मुरलेलं कालवण सकाळी भाकरीबरोबर काय लागतं ते मी सांगायला नको, म्हणून वर ते नाव दिलंय.

हा बँड कळायचा तर आधी ब्लूग्रास म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. (ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, राग नाही.) केंटकीचा बिल मन्रो हा मँडोलीनवाला १९३९ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' ह्या रेडिओ कार्यक्रमात आपल्या 'ब्लू ग्रास बॉईज'ना घेऊन आला. डिसेंबर १९४५ मध्ये त्यात अर्ल स्क्रग्ज नावाचा बँजोवाला दाखल झाला आणि त्या संगीताला आजचं रूप आलं. गिटार, मँडोलीन, फिडल, बँजो आणि उभा बास. ड्रम्स नाहीत! मग ताल कोण धरतं? बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय ठेवतो, आणि दुसऱ्या-चौथ्यावर मँडोलीनवाला सगळ्या तारा एकदम दाबून 'कट्' असा आवाज काढतो. म्हणजे मँडोलीनचं अर्धं काम तबलजीचं. बँजोची अडचण निराळी. त्याचा स्वर उमटतो आणि लगेच विझतो. मींड नाही, लांबवलेला सूर नाही. म्हणून स्क्रग्जने तीन बोटांनी असा काही वेग धरला की विझणाऱ्या ठिणग्यांची एक सलग धार दिसावी. एकेक वादक पुढे येतो, आपली करामत दाखवतो, मागे सरतो. आमच्या मामीला एकदा मी हे ऐकवलं. ती म्हणाली, "ओपीच्या टांग्याला कुणीतरी चाबूक जरा जास्तच मारतंय." ब्लूग्रासचं ह्याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

आता दुसरा धागा. कॅलिफोर्नियातला 'ग्रेटफुल डेड' हा बँड म्हणजे जॅम बँड ह्या सगळ्या गोतावळ्याचा मूळपुरुष. एकच गाणं आज आठ मिनिटं, उद्या पंचवीस मिनिटं. गाणं हे फक्त निघायचं ठिकाण, पोचायचं कुठे ते वाजवताना ठरतं. आपल्या कानांना ह्यात नवल वाटत नाही, पण तीन मिनिटांच्या रेकॉर्डवर वाढलेल्या अमेरिकेला ते होतं. आता गंमत अशी, की ह्या डेडचा जेरी गार्सिया मुळात बँजोवाला! १९६४ साली तो एका मित्राबरोबर टेपरेकॉर्डर घेऊन देशाच्या पूर्वेकडे गेला होता, ब्लूग्रासच्या मैफली मुद्रित करायला. मन्रोच्या बँडमध्ये घुसायचंही मनात होतं, ते काही जमलं नाही. पुढे १९७३ मध्ये त्याने डेव्हिड ग्रिसमन, पीटर रोवन वगैरे मंडळींबरोबर 'ओल्ड अँड इन द वे' नावाचा अल्पायुषी ब्लूग्रास बँड काढला. १९७५ मध्ये निघालेली त्यांची रेकॉर्ड लांब केसांच्या कित्येक पोरांना बँजोपर्यंत घेऊन गेली. मैफलीत श्रोत्यांनी टेपरेकॉर्डर आणावा, मुद्रण करावं आणि फुकट वाटावं ही डेडच्या गोटातली रीत लेफ्टओव्हर सॅमननेही चालवली. माझ्यासारखी कधीही कोलोरॅडोच्या डोंगरात पाय न ठेवलेली बाई हे लिहू शकते ती त्या अनोळखी टेपवाल्यांच्या पुण्याईवर.

हे दोन्ही धागे एकत्र आले ते कोलोरॅडोत, आणि तिथेच का, ह्याला कारण आहे. टेल्युराइड, क्रेस्टेड ब्यूट ही गावं खाणींची. साधारण पावणेतीन हजार मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत. खाणी बंद पडत गेल्या, गावं ओस पडायला आली, आणि मग बर्फावर घसरण्याचा खेळ आला. त्याच्या मागोमाग आली विशीतली पोरं. दिवसभर बर्फात, रात्री बारमध्ये. केंटकी-व्हर्जिनियात ब्लूग्रासचा श्रोता घरून घडीची खुर्ची घेऊन येतो आणि शांतपणे बसून ऐकतो. ह्या पोरांना बसायचंच नव्हतं, नाचायचं होतं.

टेल्युराइडचा ब्लूग्रास महोत्सव १९७४ पासूनचा. तिथे १९७५ पासून सॅम बुश आणि त्याचा 'न्यू ग्रास रिव्हायव्हल' यायला लागला. विजेचा बास, रॉकची गाणी, लांबच लांब बढत. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. (ह्याच बँडमध्ये १९८१ पासून बेला फ्लेक बँजो वाजवत असे. तोच फ्लेक, ज्याने पुढे झाकीर हुसेन, एडगर मायर आणि राकेश चौरसिया ह्यांच्याबरोबर २०२३ मध्ये 'ॲज वी स्पीक' केलं आणि २०२४ मध्ये त्यासाठी ग्रॅमी घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले. त्या अल्बममध्ये तबला आणि बँजो एकमेकांना जे विचारतात ते मुळातून ऐकाच.)

तर बोल्डर गावातला ड्रू एमिट हा मँडोलीनवाला सॅम बुशच्या वाटेने जाणारा. त्याचा 'लेफ्ट हँड स्ट्रिंग बँड' होता. १९८५ मध्ये व्हिन्स हर्मन तिथे आला. पिट्सबर्गजवळचा, वेस्ट व्हर्जिनियात शिकलेला, गिटार बडवणारा आणि तोंडाने सतत काहीतरी बरळणारा. गावात पोचल्या रात्रीच एका बारबाहेर ब्लूग्रासची पाटी दिसली, आत गेलो तर एमिट वाजवत होता, असं तो सांगत आला आहे. काही काळ तो त्या बँडमध्ये होता, मग त्याने स्वतःचा 'सॅमन हेड्स' काढला. ह्यात लुइझियानाच्या फ्रेंच वळणाच्या केजन संगीताचा मसाला जास्त. १९८९ च्या वर्षअखेरीला सॅमन हेड्सना क्रेस्टेड ब्यूटच्या 'एल्डो' बारमध्ये वाजवायचं होतं, आणि काही वादकांना जमेना. हर्मनने एमिटकडची माणसं मागून घेतली. गाडीत जाताजाता दोन नावांची मोडतोड करून 'लेफ्टओव्हर सॅमन' केलं आणि ३१ डिसेंबरला रात्री वाजवलं. बदली माणसं घेऊन ऐनवेळी भरलेली एक रात्र. एवढाच मुहूर्त!

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हा बँड जन्मलाच मुळी अनुपस्थितीतून.

१९९० मध्ये व्हर्जिनियाकडून आलेला मार्क व्हॅन बँजोवर बसला आणि खऱ्या अर्थाने बँड उभा राहिला. त्यांनी ब्लूग्रासमध्ये थेट ड्रम्स आणले. वर मी म्हटलं ना, मँडोलीनचं अर्धं काम तबलजीचं? ड्रम्स आल्याबरोबर एमिट त्यातून मोकळा झाला, विजेचं मँडोलीन घेऊन रॉक गिटारवाल्यासारखा सुटला. पण बँजोची गत काय? ड्रम्सच्या गदारोळात ते विझणारे स्वर ऐकू कुठून येणार? व्हॅनने बँजोलाच वीज दिली. (मिरवणुकीतल्या आपल्या बुलबुलतरंगवाल्यांनी रस्त्याच्या गोंगाटात हेच केलं नाही का?) आणि नुसता आवाज मोठा केला नाही. आवाज वळवणारी उपकरणं लावली, तरी खालचा हात अस्सल स्क्रग्जच्या घराण्याचा ठेवला. नव्वदच्या दशकातल्या टेपा ऐकताना मला नेहमी वाटतं, की हर्मन आणि एमिट हवे तेवढे उधळू शकत होते ते व्हॅनने जमीन धरून ठेवली होती म्हणून. कीर्तनात बुवा कुठेही भरकटोत, मृदंगवाला सम विसरत नाही, तसं.

त्यांनी स्वतःच्या संगीताला नाव दिलं होतं 'पॉलिएथनिक केजन स्लॅमग्रास'. अनुवाद करायचा प्रयत्न सोडून दिला आहे. 'भेळ' म्हणा. मंचावर आल्यावर हर्मन 'फेस्टिव्हाऽऽल!' अशी आरोळी ठोकतो आणि हजारो माणसं ती परत करतात. शाळेची जुनी बस घेऊन ही मंडळी देशभर हिंडली. १९९३ मध्ये स्वतःच्या पैशांनी 'ब्रिजेस टू बर्ट', १९९५ मध्ये मैफलीतलं 'आस्क द फिश', आणि १९९७ मध्ये डिस्नेच्या मालकीच्या हॉलिवूड रेकॉर्ड्सकडून 'युफोरिया'. माझं मत विचाराल तर 'आस्क द फिश' घ्यावं. स्टुडिओत ह्या लोकांना कुणीतरी आंघोळ घालून, भांग पाडून बसवल्यासारखं वाटतं.

ह्या मताला अपवाद १९९९ च्या 'द नॅशव्हिल सेशन्स'चा. अर्ल स्क्रग्जचा मुलगा रँडी ह्याने ते घडवलं, आणि पाहुण्यांची यादी पाहा: खुद्द अर्ल स्क्रग्ज, डेल मॅक्कुरी, वेलन जेनिंग्ज, ताज महाल, ल्यूसिंडा विल्यम्स, सॅम बुश, बेला फ्लेक, जेरी डग्लस. म्हणजे ज्यांनी नाकं मुरडावीत अशी अपेक्षा, तीच घराणी पंगतीला येऊन बसली. घराण्याबाहेरच्या मुलाला खाँसाहेबांनी बोलावून शेजारी बसवावं, तसं ते दृश्य. तोवर कोलोरॅडोत त्यांच्या मागून दुसरी फळीही उभी राहिली होती. क्रेस्टेड ब्यूटमध्येच १९९३ मध्ये निघालेला 'स्ट्रिंग चीज इन्सिडेंट', आणि बोल्डरच्या वरच्या डोंगरातल्या नेडरलँड गावात १९९८ मध्ये निघालेला 'यॉन्डर माउंटन स्ट्रिंग बँड'. १९९५ मध्ये गार्सिया गेला, डेड थांबला, आणि बँडमागे गावोगाव हिंडणारी एक सबंध जमात पोरकी झाली होती. ती ह्या सगळ्यांकडे वळली.

२००१ च्या शरदात दौऱ्यावर असताना व्हॅनला कर्करोग असल्याचं कळलं. त्वचेतून सुरू होणारा मेलॅनोमा. तो घरी गेला. बँडने दौरा थांबवावा असं त्याला वाटत नव्हतं. थांबू नका, असंच त्याने साथीदारांना सांगितलं. बदली म्हणून मॅट फ्लिनर आला. १३ फेब्रुवारी २००२ ला त्यांचा नॅशव्हिलमधला सोबती वेलन जेनिंग्ज गेला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ४ मार्चला, मार्क व्हॅन. वय ३९.

इथे मी खूप दिवस अडकले होते. मरणाऱ्या माणसाने 'चालू ठेवा' म्हटलं की मागच्यांचे हात बांधले जातात. नाटकात बदली नट येतो, त्याच्या हातात निदान संहिता असते. बिल मन्रोच्या बँडमधून तर अनेक दशकांत दीडशेहून अधिक वादक आले-गेले. तिथे चाली ठरलेल्या, जागा ठरलेल्या, आणि मधोमध मन्रो ठाम. पण जिथे पुढचं वाक्य कोण बोलणार हेच ठरलेलं नसतं तिथे बदली कशाची करायची? बारा वर्षांत तयार झालेली ती बोली, अर्ध्या आवर्तनात कळणारा इशारा, एकाने चूक केली की दुसऱ्याने ती मुद्दामच केल्यासारखी उचलणं... हे कुठल्या खुर्चीत ठेवून जाता येत नाही.

त्यांनी चालू ठेवलं. टोनी फर्टाडो आला. मग नोम पिकल्नी, विशीतला, शिकागोकडचा, बोटांत नुसती वीज. हाच पुढे 'पंच ब्रदर्स'मध्ये गेला आणि २०१० मध्ये स्टीव्ह मार्टिनच्या नावाचं बँजोचं पहिलं पारितोषिक त्याला मिळालं. म्हणजे बदली कमअस्सल होती असं कुणी म्हणू नये. २००३ आणि २००४ च्या टेपा माझ्याकडे आहेत. वादन निर्दोष आहे. कधीकधी तर पूर्वीपेक्षा सफाईदार. पण हर्मन आणि एमिट प्रश्न टाकतात ते व्हॅनला, आणि उत्तर येतं ते फार हुशार अशा तिऱ्हाइताकडून. मला तरी असं ऐकू येतं. दहावं-बारावं न करता दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या माणसासारखा तो बँड वाटतो.

२००४ च्या अखेरीस त्यांनी थांबायचं ठरवलं. कारणं अनेक असतात. पंधरा वर्षं बसमधून हिंडलेली माणसं एकमेकांना कंटाळतातही. तरी मला हे व्हॅनच्या मागचं पुढे ढकललेलं सुतक वाटतं. एमिटने स्वतःचा बँड काढला. हर्मनने २००५ मध्ये 'ग्रेट अमेरिकन टॅक्सी' सुरू केली. 'चालू ठेवा' हा शब्द मोडला का? माझ्या लेखी नाही. उलट त्यांनी तो फार काळ, अंगावर कपडा घट्ट होत गेला तरी, पाळला होता.

२००७ मध्ये ते पुन्हा अधूनमधून एकत्र वाजवू लागले. सणासुदीला भाऊ भेटावेत तसे, कायमचं बिऱ्हाड नाही. खरा बदल २०१० मध्ये झाला, तो अँडी थॉर्नमुळे. नॉर्थ कॅरोलायनाचा हा बँजोवाला आधी एमिटबरोबर दुसऱ्या एका बँडमध्ये वाजवत होता, म्हणजे बोली निम्मी शिकून आलेला. आणि त्याने व्हॅनसारखं वाजवायचा आव आणला नाही. त्याचा हात मोकळा, गोड, जरा उन्हातला. (कोविडच्या काळात बोल्डरजवळच्या त्याच्या घरी एक रानकोल्हा येऊन समोर बसायचा आणि हा त्याला बँजो ऐकवायचा, ती चित्रफीत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तोच हा.) २०१२ मध्ये 'लॉस लोबोस'च्या स्टीव्ह बर्लिनच्या देखरेखीखाली त्यांनी 'अक्वाटिक हिचहायकर' केलं. आठ वर्षांनंतरचा स्टुडिओ अल्बम, आणि सगळ्या रचना त्यांच्या स्वतःच्या असलेला पहिला. ज्या रचनेवरून अल्बमला नाव मिळालं ती थॉर्नची, शब्दांशिवायची. नव्या माणसाच्या धुनेचं नाव सबंध घराच्या दारावर लागलं. मला वाटतं बँजोची खुर्ची तिथे भरली, व्हॅन गेल्यानंतर दहा वर्षांनी. भरली म्हणजे व्हॅनची जागा कुणी घेतली असं नाही. शेजारी नवीन खुर्ची मांडली गेली आणि जुनी आहे तशी राहू दिली.

पुढचं भराभर सांगते. 'लिटल फीट'चा बिल पेन काही काळ पियानोवर होता, २०१४ च्या 'हाय कंट्री'त तो आहे. २०१८ मध्ये 'समथिंग हायर', २०२१ मध्ये 'ब्रँड न्यू गुड ओल्ड डेज'. तीस वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, टिम न्यूबीने त्यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बारमध्ये ऐनवेळी जमलेल्या टोळक्यावर पुस्तक!

२०२३ मध्ये त्यांनी 'ग्रास रूट्स' काढलं. ह्यात त्यांची स्वतःची गाणी नाहीत. ज्या गाण्यांवर ते वाढले ती त्यांनी परत वाजवली आहेत. त्यावर पाहुणा म्हणून गिटार वाजवायला बिली स्ट्रिंग्ज आला आहे. मिशिगनचा हा मुलगा १९९२ चा, म्हणजे एल्डोतल्या त्या रात्रीनंतर जन्मलेला. २०२१ मध्ये त्याला ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं, आणि तो हजारो माणसांपुढे एकेक गाणं वीस-वीस मिनिटं नेतो. कुणी नाक मुरडत नाही, कुणी खुर्चीवर बसतही नाही. मी तो अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा मामी आत भाजी निवडत होती. आतूनच ओरडली, "आज टांगा बरा चाललाय."